मधुमेह, विसराळूपणा आणि व्यायाम: अण्णांचा हिशोब चुकायला लागला तेव्हा

कृष्णाकाठ
१५ फेब्रुवारी, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझे वडील, अण्णा, वय ६९. आम्ही कराडचे. अण्णा एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होते. बहुतेक नोकरी तिकिटाची मशिनं यायच्या आधीची: पत्र्याची पेटी, चिमटा, कानामागे पेन. खचाखच भरलेल्या गाडीत हाफ, फुल, सवलत, सुट्टे पैसे, सगळं तोंडी. डेपोत उतरल्यावर वेबिल जुळवताना त्यांना कधी दुसऱ्यांदा बेरीज करावी लागली नाही, असं त्यांच्या गाडीवरचे ड्रायव्हरकाका अजून सांगतात. मधुमेह ४८व्या वर्षी निघाला, म्हणजे आता २१ वर्षं झाली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) कधी ७.४, कधी ८.१.

आमच्याकडे दुधाचा हिशोब कॅलेंडरवर असतो. दूध कमीजास्त घेतलं की आई त्या तारखेच्या चौकोनात लिहिते आणि महिनाअखेर अण्णा एका नजरेत आकडा सांगतात. ३१ जानेवारीला त्यांनी कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं. पाऊण तास बसले होते. मोजलेला दिवस परत मोजला जाऊ नये म्हणून प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने बारीक टिंब काढत होते. शेवटी पेन्सिल खाली ठेवली आणि आईला म्हणाले, "तू कर." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

त्याच्या आधी वाण्याचाही फोन आला होता, काकांनी त्याच सामानाचे पैसे परत आणून दिले म्हणून. तेव्हा आम्ही मनावर घेतलं नव्हतं.

मग मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. शंभरातून सात वजा करा, उरलेल्यातून परत सात. ९३, ८६, आणि तिथेच अडकले. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तर बाराही आकडे उजव्या अर्ध्यातच संपले. एमआरआयमध्ये पांढरे ठिपके, रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी. डॉक्टर म्हणाले, अल्झायमर म्हणावं असं आज काही दिसत नाही, पण बारीक रक्तवाहिन्यांना इजा झालेली आहे. बी-१२ची इंजेक्शनं दिली आणि चिठ्ठीवर गोळ्यांच्याही वर लिहिलं: "रोज चालणे".

माझ्या दादाचं म्हणणं वेगळं. गोळ्या वाढवून एचबीएवनसी एकदा सहाच्या खाली आणली की डोकं आपोआप चालेल, या वयात त्यांना पळवू नका, असं तो म्हणतो.

तर विचारायचंय ते हे: व्यायामाने मेंदूला खरंच फरक पडतो का? कुणी घरात अनुभवलंय का? किती करायचा, कधी, कसा? अण्णांचे गुडघे दुखतात, तळपायाला मुंग्या येतात, आणि "फिरायला जाणं" ही गोष्टच त्यांना ठाऊक नाही. आयुष्यभर चालत्या गाडीत उभा राहिलेला माणूस आहे.

शेवंता
१५ फेब्रुवारी, रात्री ११.०५

कॅलेंडरचा प्रसंग वाचून गलबलून आलं गं. माझ्या बाबांचं असंच सुरू झालं होतं, आम्ही "वय झालं" म्हणून दोन वर्षं घालवली. तू वेळेत गेलीस हे फार बरं केलंस. वाचतेय.

पायवाट
१६ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

ताई, मी नांदेडला फिजिशियन आहे. माझ्या ओपीडीत रोज निम्मे पेशंट मधुमेहाचे असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अण्णांना तपासलेलं नाही, त्यामुळे औषधांचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच.

आधी मेंदूचं काय होतं ते. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जेतला वाटा सुमारे २० टक्के. एवढा पुरवठा करायला केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं लागतं. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली, जोडीला रक्तदाब असला, की या वाहिन्यांची आतली अस्तरं खराब होतात. डोळ्याच्या पडद्यात आणि मूत्रपिंडात जे होतं तेच मेंदूत होतं. एमआरआयमधले पांढरे ठिपके बहुतेक वेळा त्याच्याच खुणा असतात. त्यात इन्सुलिनला दाद न देण्याची सवय मेंदूच्या पेशींनाही लागते.

म्हणूनच मधुमेहात सुरुवातीला "नाव आठवत नाही" यापेक्षा "हिशोब जमत नाही, कामाचा क्रम चुकतो, वेळ फार लागतो" हे जास्त दिसतं. अण्णांचं कॅलेंडर आणि घड्याळ दोन्ही त्यातलंच वाटतं.

धोका किती? नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात (१९९९) मधुमेहींना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळलं. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९८५पासून चाललेला व्हाइटहॉल अभ्यास आहे. त्यात २०२१ साली दिसलं की सत्तरीला पोचताना ज्यांच्या मधुमेहाला दहा वर्षांहून जास्त झाली होती, त्यांचा धोका मधुमेह नसलेल्यांच्या दुपटीहून थोडा अधिक होता. म्हणजे मधुमेह जितका लवकर जडला तितकं मेंदूला जास्त सोसावं लागतं.

आता व्यायाम. चालताना मांडीचे, पोटरीचे स्नायू आकसतात तेव्हा ते रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न बघता आत ओढतात. पेशीच्या आत दडलेली ग्लूट-४ नावाची दारं पृष्ठभागावर येतात. इन्सुलिनची किल्ली गंजलेली असली तरी हे दुसरं दार उघडतं, आणि त्याचा परिणाम एक-दोन दिवस टिकतो. म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नका असं आम्ही सांगतो. दुसरं, रक्ताचा वेग वाढला की वाहिन्यांची अस्तरं लवचीक राहायला मदत होते. तिसरं, बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं. शेतात नुसतं पाणी सोडून भागत नाही, खतही लागतं. मेंदूच्या पेशींचे नवे जोड तयार व्हायला हे प्रथिन खतासारखं उपयोगी पडतं.

बी-१२चं मात्र विसरू नका. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२चं शोषण कमी होतं, शाकाहारी माणसात आणखी. विसराळूपणा आणि पायाच्या मुंग्या दोन्ही त्यानेही होतात. ज्यांच्या घरी कुणी चार-पाच वर्षांहून जास्त मेटफॉर्मिनवर आहे, त्यांनी ही तपासणी करून घ्याच. सोबत थायरॉइडचीही.

निंबोणी
१६ फेब्रुवारी, सकाळी ९.५०

डॉक्टरांनी छान समजावलंय. मी फक्त एक गोष्ट सांगते, कारण त्या सकाळी माझ्या सासूबाईंचा जीव जाता जाता वाचला.

आषाढी एकादशी. आई निर्जळी उपास करतात. आदल्या रात्री जेवण नेहमीपेक्षा कमी, सकाळी ग्लिमेपिराइड मात्र सवयीने घेतली आणि साडेपाचला नेहमीसारख्या बागेत गेल्या. सात वाजले तरी परत नाहीत. मी शोधत गेले तर बाकावर बसलेल्या, पदर घामाने चिंब, आणि मला म्हणतात, "बाई, तुम्ही कोणाच्या?" शेजारी बसलेले काका म्हणाले, यांचं वय झालंय, भ्रम झालाय. घरी आणून मशीनवर तपासली तर साखर ४८, म्हणजे फारच उतरलेली. ग्लुकोज पावडर पाण्यात घालून पाजली, पंधरा-वीस मिनिटांत मला नावाने हाक मारली.

त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे. रिकाम्यापोटी चालणं नाही. खिशात ग्लुकोजची पुडी आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. उपास असेल त्या दिवशीची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

कृष्णाकाठ ताई, अण्णा ग्लिमेपिराइडवर आहेत म्हणून मुद्दाम लिहिलं, ही गोळी पोट रिकामं असलं तरी साखर उतरवते. चालायला पाठवा, पण हे आधी.

पायवाट
१६ फेब्रुवारी, सकाळी १०.३०

निंबोणीताई, तुमचा अनुभव या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे. यातच कृष्णाकाठ ताईंच्या दादांच्या शंकेचं उत्तरही आहे.

साखर कडक आवळली तर मेंदू वाचतो का, हे अमेरिका आणि कॅनडातल्या अ‍ॅकॉर्ड-माइंड या अभ्यासात तपासलं. मधुमेह असलेले २९७७ लोक. एका गटाची एचबीएवनसी ६च्या खाली आणायचा प्रयत्न, दुसऱ्याची ७ ते ७.९च्या दरम्यान. ४० महिन्यांनी कडक गटात मेंदूचं आकारमान किंचित जास्त टिकलेलं दिसलं, पण विचारशक्तीच्या चाचण्यांत फरक नाही. आणि मूळ अ‍ॅकॉर्डमधली कडक उपचारांची शाखा २००८ साली थांबवावी लागली, कारण त्या गटात मृत्यू जास्त झाले.

उलट बाजूने बघा. कॅलिफोर्नियातल्या १६,६६७ मधुमेहींच्या नोंदी २००९ साली प्रसिद्ध झाल्या. साखर उतरून इस्पितळात जायची वेळ ज्यांच्यावर एकदा आली, त्यांचा पुढे डिमेन्शियाचा धोका २६ टक्क्यांनी जास्त; तीन किंवा जास्त वेळा आली त्यांचा जवळपास दुप्पट. म्हातारपणी एचबीएवनसी सहाच्या खाली आणायच्या हट्टापायी साखर वारंवार उतरू लागली, तर आपण मेंदूचंच नुकसान करतो. दादांना हे जरूर दाखवा.

साखर उतरली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी परत तपासायची. बर्फी, चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशाने साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. आणि जे व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकारबोज घेतात त्यांनी घरची साखर न देता ग्लुकोजच द्यायचं. ही औषधं आतड्यात घरची साखर फुटून तिचं ग्लुकोज लवकर होऊ देत नाहीत. हे बऱ्याच घरांत माहीत नसतं.

आकडेमोड
१६ फेब्रुवारी, दुपारी २.४०

मी संख्याशास्त्र शिकवतो. माझी आई मधुमेही आहे आणि तिला मी रोज चालवतो, तेव्हा व्यायामाच्या विरोधात नाही हे आधीच सांगतो. पण घरच्यांच्या मनात खोटी आशा उभी राहू नये असं फार वाटतं, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

"चालल्याने मेंदू वाढतो" असा मेसेज सगळीकडे फिरतो. त्याच्या मुळाशी २०११चा अमेरिकेतला प्रयोग आहे. १२० ज्येष्ठ, अर्ध्यांनी वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालायचं, अर्ध्यांनी अंग ताणायचे हलके व्यायाम. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींचं केंद्र, सुमारे २ टक्के वाढला. दुसऱ्या गटाचा १.४ टक्के घटला. प्रयोग सुंदर आहे, पण तो मधुमेहींवर केलेला नव्हता.

खास मधुमेहींवरचा मोठा प्रयोग म्हणजे लुक अहेड. २००१मध्ये सुरू, १६ केंद्रं, ५१४५ लोक, सगळे मधुमेही आणि वजन जास्त असलेले. एका गटाला आठवड्याला १७५ मिनिटं व्यायाम आणि आहारावर कडक लक्ष, दुसऱ्याला नेहमीचा सल्ला. २०१२मध्ये थांबवला, कारण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. त्यातल्या तीनशेहून थोड्या जास्त लोकांचा दहा-बारा वर्षांनी एमआरआय केला. व्यायामवाल्या गटात पांढऱ्या ठिपक्यांचं आकारमान सुमारे २८ टक्के कमी होतं, पण विचारशक्तीच्या चाचण्यांत फरक दिसला नाही.

म्हणजे मेंदूचं चित्र बरं दिसतं, पण गुण तेवढेच. "व्यायाम केला की डिमेन्शिया टळतो" असं मधुमेहींच्या बाबतीत आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. अण्णांना चालवा, नक्की चालवा. उद्या हिशोब परत आला नाही तर "आपण कमी पडलो" असं मात्र स्वतःला लावून घेऊ नका.

पायवाट
१६ फेब्रुवारी, रात्री ९.००

आकडेमोड सर, तुमचं शेवटचं वाक्य मी माझ्या पेशंटच्या नातेवाइकांना वाचून दाखवणार आहे.

लुक अहेडबद्दल तुमचं बरोबर आहे. फक्त दोन लहान प्रयोगांची भर घालतो, कारण ते अण्णांच्या जास्त जवळचे आहेत. २०१०चा एक: साखर बिघडायला लागलेले २८ ज्येष्ठ, सहा महिने, आठवड्यातून चार दिवस दम लागेल असा व्यायाम. पाठांतर सुधारलं नाही. पण नियोजन, लक्ष टिकवणं, एका कामातून दुसऱ्यात जाणं, हे सुधारलं. अण्णांचं नेमकं तेच ढिलं पडलंय. माणसं थोडी होती हे मान्य.

दुसरा चीनमधला, २०२३चा. ३२८ लोक, सगळे साठीपुढचे, मधुमेह आणि सौम्य विस्मरण दोन्ही असलेले. एक गट ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) करणारा, एक भराभर चालणारा, एकाला फक्त माहिती. २४ आठवडे सराव. ३६व्या आठवड्याला ताई चीवाल्यांचे गुण चालणाऱ्यांपेक्षाही थोडे जास्त होते. फरक लहानच, पण मला त्यात एक गोष्ट पटते: पुढची हालचाल आठवायची, तोल सांभाळायचा, श्वास जुळवायचा. पायांबरोबर डोकंही कामाला लागतं.

म्हापसेकर
१७ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

मी ६२ वर्षांचा, मधुमेहाला १४ वर्षं. आमच्या गोव्याचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त, आयसीएमआरच्या २०२३च्या पाहणीत २६.४ टक्के. चार माणसांत एक. माझ्या वाड्यावर तर प्रत्येक घरात कोण ना कोण आहेच.

माझं दुकान आहे, सकाळी तासभर चालणं मला कधीच जमलं नाही. मला डॉक्टरांनी सांगितलं, तीन जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चाला. न्यूझीलंडमध्ये ४१ मधुमेहींवर हे करून बघितलंय: दिवसातून कधीही सलग ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्के. आमचं रात्रीचं जेवण शीतकडीचं (भात आणि कालवण), म्हणून मला ते लगेच पटलं. आता जेवलो की चपला घालून वाड्याच्या टोकापर्यंत जाऊन येतो, बायकोही येते. पूर्वी जेवणानंतर तासाभरात डोक्यावर जे जड झापड यायचं ते आता येत नाही, दुपारी दुकानात बिल करताना चुकत नाही. अण्णांना "फिरायला चला" म्हणू नका. "जेवलो, जरा कोपऱ्यापर्यंत जाऊ" म्हणा.

पंढरीची_वाट
१७ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

वरचं "चपला घालून" वाचलं आणि लिहायला बसलो. ताई, पायात मुंग्या म्हणजे पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. मी सात वर्षं आळंदीहून पंढरपूरला पायी जातो, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. मधुमेह आहे. तिसऱ्या वर्षी चपलेत खडा गेला, दिवसभर चाललो, कळलंच नाही. संध्याकाळी मुक्कामाला पाय धुताना पाणी लाल झालं. ती जखम भरायला तीन महिने लागले, अंगठा थोडक्यात वाचला.

तेव्हापासून पुढचा भाग रुंद असलेले बूट, पांढरे सुती मोजे (पांढऱ्यावर रक्त दिसतं), आणि घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा. रात्री तळवे आरशात बघायचे. मंदिरातसुद्धा मोजे काढत नाही, माउली समजून घेतात.

रानजाई
१७ फेब्रुवारी, रात्री ९.४५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिक. पंढरीच्या वाटेवरच्या काकांचं सगळं अक्षरशः पाळा.

चालण्याबद्दल वर बरंच आलंय. मला ताकदीबद्दल बोलायचंय, कारण ते कायम राहून जातं. साखर ओढून घेणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू, आणि साठीनंतर ते झिजतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम हवाच. जिम नको. भिंतीला टेकवलेली पक्की खुर्ची घ्या, हात छातीशी, उठायचं-बसायचं. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. आठ-दहा वेळा, थांबून परत. ओट्याला धरून टाचा उचलणं. पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांत. ओट्याजवळच एका पायावर दहा सेकंद, तोलासाठी. जाणीव कमी झालेल्या पायांची माणसं पडतात आणि पडल्यावर चालणं कायमचं सुटतं.

जोर लावताना श्वास कोंडायचा नाही. आणि सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. पडद्यावर नव्या नाजूक वाहिन्या वाढलेल्या असतील तर जड उचलणं, डोकं खाली करणारी आसनं, शीर्षासन, सगळं वर्ज्य. दुसरं, जुन्या मधुमेहात हृदयाचा त्रास छातीत न दुखताही होऊ शकतो. थोडं चालल्यावर नेहमीपेक्षा जास्त धाप, दरदरून घाम असं झालं तर थांबायचं आणि दाखवायचं.

चालताना डोक्यालाही काम द्या असं मी पेशंटना सांगते. अण्णांसाठी मला एक सुचलंय. ते कुठल्या मार्गावर होते? चालता चालता त्यांना थांबे म्हणायला सांगा. आधी सरळ, जमलं की उलटे. मग भाडं.

शेवंता
१७ फेब्रुवारी, रात्री १०.१५

रानजाई, काय सुंदर सुचवलंस! आणि कृष्णाकाठ, अण्णांचे कान तपासलेस का? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या अहवालात डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत, मधुमेह आणि बैठी जीवनशैली त्यात आहेच, पण कमी ऐकू येणंही आहे. एकतीस वर्षं इंजिनाशेजारी काढलीत त्यांनी. बाबांना आम्ही फार उशिरा मशीन लावलं.

कृष्णाकाठ
१८ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

सगळ्यांचे किती आभार मानू! सगळं वहीत उतरवून घेतलंय. दादाला धागा वाचायला दिला. त्याने निंबोणीताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि काही न बोलता ग्लुकोजचा डबा घेऊन आला. डॉक्टरांकडे परवा जातोय, गोळीबद्दल, डोळ्यांबद्दल आणि कानांबद्दल विचारायला. नंतर इथे कळवते.

कृष्णाकाठ
१४ जून, रात्री ९.३०

उशीर झाला, माफ करा. चार महिने काय झालं ते लिहिते.

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड निम्म्यावर आणली. डोळ्याचा पडदा ठीक निघाला. कानाला मात्र उजव्या बाजूला बरंच कमी ऐकू येतं, मशीन घेतलंय, अण्णांना अजून त्याचा राग येतो. बूट घेतले, पांढरे मोजे आणले.

पहिला महिना फार जड गेला. अण्णा कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे, कुणी ओळखीचं भेटलं की मान खाली. मी थांब्यांचं विचारलं की चिडायचे, "मला काय शाळेत घातलंय का." मग एकदा ड्रायव्हरकाका घरी आले. संध्याकाळी दोघे प्रीतिसंगमावर गेले, मी मागे. काकांनीच सुरू केलं: "कराड सुटली. पुढं?" आणि अण्णा म्हणाले, "मल्हारपेठ." पाटण. कोयनानगर. कुंभार्ली घाट. पोफळी. चिपळूण. घाटावर येताना अण्णांनी चालण्याचा वेग आपोआप कमी केला, आणि पोफळीनंतर वाढवला. मला दिसलं ते.

आता काका आठवड्यातून चार दिवस येतात. बाकी दिवशी रात्री जेवून आईबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत. खुर्चीचा व्यायाम पाचपासून सुरू केला होता, आता बारा वेळा होतो. चिपळूणहून कराडला उलटे थांबे एप्रिलच्या शेवटी जमले.

एचबीएवनसी ७.६ आली, म्हणजे आकड्यात फार काही घडलेलं नाही. बी-१२ची इंजेक्शनं, कमी केलेली गोळी, कानाचं मशीन, चालणं, काकांची सोबत, हे सगळं एकदमच सुरू झालं. त्यामुळे कशाने काय झालं हे मी सांगू शकत नाही, आकडेमोड सर. डॉक्टरांनी परत घड्याळ काढायला लावलं. या वेळी बारा वर होता आणि सहा खाली, फक्त काटे चुकले. वजाबाकी ७२ पर्यंत गेली.

३१ मेला मी मुद्दाम काही बोलले नाही. अण्णांनीच कॅलेंडर काढलं. पेन्सिल घेतली, टिंबं काढली. वीस मिनिटं लागली. आकडा सांगितला तो चाळीस रुपयांनी जास्त होता. आई गप्प राहिली. रात्री जेवताना हात मध्येच थांबवून म्हणाले, "अगं, सतरा तारखेला आपण लग्नाला गेलो होतो, दूध नव्हतं घेतलं. ते मी धरलंय."

आता पाऊस सुरू झालाय. संगमावर घाट निसरडा, गल्लीत चिखल. मी म्हटलं, घरातल्या घरात फेऱ्या मारा. दोन दिवस त्यांनी मारल्या. तिसऱ्या दिवशी छत्री घेऊन निघाले, मी विचारलं कुठे, तर म्हणाले स्टँडवर. तिथे डोक्यावर छप्पर आहे आणि फलाट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लांब पडतो. काल मी त्यांना आणायला गेले तेव्हा एक म्हातारी पिशव्या घेऊन उभी होती, पाटणची गाडी विचारत होती. अण्णा तिला सांगत होते, "ही नको, ही आडवळणाने जाते. दहा मिनिटं थांबा, मागनं चिपळूण येतीय, तिच्यात बसा." मग घड्याळाकडे बघितलं आणि परत चालायला लागले.